त्रिबिंदू जोडणीचा उगम आणि नाशिकची शेती

नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी या तालुक्यांत द्राक्षबागांच्या ओळींतून फिरणाऱ्या लहान ट्रॅक्टरच्या पाठीशी पुष्कळदा फवारणीचे यंत्र जोडलेले आढळते. या यंत्राला स्वतःची चाके नसतात. ट्रॅक्टरच्या मागील अंगातून निघालेल्या तीन दुव्यांवर, वर एक व खाली दोन, ते तोललेले असते. शेतकरी या व्यवस्थेला सामान्यतः ‘हायड्रोलिक’ किंवा ‘लिफ्ट’ म्हणतो. औजार उचलण्याचे साधन ही त्याची कल्पना या नावांतून व्यक्त होते आणि बागेतील त्याचा अनुभव तिला पोषकच असतो.

परंतु त्रिबिंदू जोडणीचा जन्म औजार उचलण्यासाठी झालेला नाही. हलका ट्रॅक्टर मागे न उलटता जमिनीत नांगर ओढू शकेल काय, आणि नांगराची खोली माणसाच्या हाताविना राखता येईल काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरातून ती निर्माण झाली. उचलण्याची सोय हा त्या उत्तराचा आनुषंगिक लाभ होय. मूळ प्रयोजन विस्मृतीत गेले म्हणजे साधनाचे गुण कोणत्या परिस्थितीत टिकतात व कोणत्या परिस्थितीत नाहीसे होतात, हेही विस्मृतीत जाते. यास्तव या जोडणीच्या उगमाचा विचार केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा राहत नाही.

हळस आणि साखळी

नांगर आणि त्यास ओढणारी शक्ती यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न ट्रॅक्टरपेक्षा फार जुना आहे. दख्खनच्या लाकडी नांगरात ही सांगड हळशीने साधली जाते. नांगराच्या खोडातून निघालेली ही लांब दांडी थेट बैलांच्या जूपर्यंत पोहोचते व तेथे दोराने बांधली जाते. जू आणि नांगराचा फाळ यांमधील अंतर कमी-अधिक केले म्हणजे हळशीचा जमिनीशी होणारा कोन बदलतो आणि त्यानुसार फाळ उथळ किंवा खोल जातो. ही झाली स्थूल योजना. सूक्ष्म नियंत्रण नांगऱ्याच्या हातात असते. जमीन कठीण लागली, बैल अडखळू लागले, की रुमण्यावरील दाब तो सैल करतो. जमीन मऊ लागली की पुन्हा दाब देतो. ओढ किती वाढली हे त्याला मुठीतून कळते आणि त्याच मुठीने तो ती आवरतो. मोजमाप व नियंत्रण ही दोन्ही कार्ये येथे एकाच हाताने होतात.

लोखंडी नांगराने या रचनेत एक मूलभूत बदल घडवून आणला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार करण्यास आरंभ केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसल्यानंतर त्याचा प्रसार महाराष्ट्रभर झाला. मातीची वळी उलटविणाऱ्या या जातीच्या नांगरांची दांडी आखूड असते आणि ती जूला साखळीने जोडतात. साखळी केवळ ओढू शकते. रेटू शकत नाही किंवा तोल सांभाळू शकत नाही. म्हणून अशा नांगराच्या दांडीच्या टोकाशी साखळी अडकविण्याची जागा वरखाली करण्याची सोय ठेवलेली असते. ओढीची रेषा बैलांच्या खांद्यापासून मातीच्या प्रतिरोधाच्या केंद्रापर्यंत सरळ गेली पाहिजे; ती वर सरकली की नांगर खोल जातो, खाली आली की तो उथळ चालतो. काळ्या जमिनीत असल्या नांगरास चार, सहा, प्रसंगी आठ बैल जुंपावे लागत.

हळस आणि साखळी या दोन योजना म्हणजे जोडणीची दोन भिन्न तत्त्वे आहेत. पहिलीत नांगर व ओढणारी शक्ती यांचे एक अंग बनते; दुसरीत ती दोन स्वतंत्र अंगे राहून एकामागून एक चालतात. आरंभीच्या ट्रॅक्टरांनी दुसरे तत्त्व स्वीकारले आणि त्यातूनच अडचणी उद्भवल्या.

आरंभीच्या ट्रॅक्टरांचा दोष

बैलांच्या जागी यंत्र आले तेव्हा नांगर तोच राहिला. फक्त त्याची साखळी ट्रॅक्टरच्या मागील आकड्यात अडकविण्यात आली. नांगरास स्वतःची चाके असत आणि त्याचा भार ती चाकेच वाहत. ट्रॅक्टरच्या मागील चाकांना जमिनीवर पकड मिळण्यासाठी भार लागतो. तो नांगराकडून मिळत नसल्याने ट्रॅक्टरच वजनदार बनवावा लागे. वजनदार ट्रॅक्टर महाग पडे, अधिक इंधन खाई आणि माती दाबून टाकी.

दुसरा दोष जिवावर बेतणारा होता. नांगराचा फाळ एखाद्या खडकात किंवा मुळात अडकला तर नांगर थांबे, परंतु इंजिन चाकांना फिरवीतच राही. चाके फिरू शकली नाहीत तर ट्रॅक्टरचा पुढचा भाग मागील आसाभोवती वर उचलला जाऊन संपूर्ण यंत्र चालकाच्या अंगावर उलटे. १९१७ मध्ये उत्पादनास आरंभ झालेला फोर्डसन ट्रॅक्टर स्वस्त व त्या काळाच्या मानाने हलका होता. म्हणूनच या दोषासाठी तो विशेष कुप्रसिद्ध झाला.

फर्ग्युसनचे प्रयोग

पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे ब्रिटनचा अन्नपुरवठा धोक्यात आला व अधिक जमीन नांगराखाली आणणे निकडीचे झाले. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषिखात्याने बेलफास्ट येथील मोटारींचे व्यापारी हॅरी फर्ग्युसन यांच्याकडे तेथील ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याची कामगिरी सोपविली. १८८४ मध्ये काउंटी डाउन येथील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या फर्ग्युसन यांनी १९०९ च्या अखेरीस स्वतः बांधलेल्या विमानातून उड्डाण केले होते. सहकारी विल्यम सँड्स यांच्यासह त्यांनी गावोगावची ट्रॅक्टरची नांगरणी पाहिली. दोष ट्रॅक्टरच्या इंजिनात किंवा नांगराच्या फाळात नसून त्या दोहोंच्या सांध्यात आहे, हा त्यांचा निष्कर्ष पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरला.

त्यांनी प्रथम फोर्डच्या मोटारीवरून बनविलेल्या ‘इरॉस’ या ट्रॅक्टरसाठी चाकांविना चालणारा हलका नांगर तयार केला. पुढे फोर्डसनसाठी एकावर एक असे दोन समांतर दुवे असलेली ‘ड्युप्लेक्स’ जोडणी सिद्ध झाली. नांगर अडला असता वरचा दुवा ट्रॅक्टरला पुढे रेटून त्याचे तोंड खाली दाबून धरी. साखळीला जे शक्य नव्हते ते ताठ दुव्याने साध्य केले. एका अर्थी हळशीचेच तत्त्व येथे पुन्हा अवतरले. मात्र नांगर चाकांविना झाल्याने त्याची खोली राखण्याचा प्रश्न उरला. त्यावर द्रवदाबाचा उपयोग करून औजार जोडण्याची व कामाची खोली आपोआप राखण्याची योजना फर्ग्युसन यांनी १९२५ मध्ये ब्रिटिश एकस्वासाठी सादर केली. सँड्स व आर्ची ग्रिअर या सहकाऱ्यांचा या कार्यात मोठा वाटा होता.

दुव्यांची संख्या व मांडणी प्रयोगांनीच निश्चित झाली. अखेरीस खाली दोन व वर एक ही रचना स्थिर झाली. १९३३ मध्ये तिच्यासह एक नमुना-ट्रॅक्टर तयार झाला. काळ्या रंगामुळे ‘ब्लॅक ट्रॅक्टर’ म्हणून ओळखला जाणारा तो नमुना लंडनच्या विज्ञान-संग्रहालयाच्या संग्रही आहे. १९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन यांच्या सहकार्याने या पद्धतीचा ट्रॅक्टर बाजारात आला. १९३९ पर्यंत त्याचे सुमारे १,३५० नग तयार झाले.

तीन बिंदूंचे कार्य

या जोडणीचे कार्य तीन प्रकारचे आहे: ओढीच्या बिंदूचे स्थान बदलणे, भाराचे संक्रमण आणि ओढीची संवेदना.

बाजूने पाहिले असता वरचा दुवा व खालचे दुवे पुढील दिशेस एकमेकांजवळ येत जातात. त्यांच्या रेषा कल्पनेने पुढे वाढविल्या तर त्या ट्रॅक्टरच्या पुढील भागात एका बिंदूत मिळतात. वरून पाहिले असता खालचे दोन दुवेही असेच पुढे मिळतात. त्यामुळे नांगर प्रत्यक्षात ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला असला, तरी पुढील आसाजवळच्या एका काल्पनिक बिंदूतून ओढला जात असल्याप्रमाणे तो वागतो. लांब हळशीने जे साधत असे तेच येथे आखूड दुव्यांच्या भूमितीने साधले जाते.

भाराच्या संक्रमणाची कल्पना एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. समजा, ट्रॅक्टरचे वजन १,१०० किलोग्रॅम असून त्यापैकी ४०० पुढील व ७०० मागील चाकांवर आहे. दोन आसांतील अंतर १७५ सेंटिमीटर आहे. नांगरास ५०० किलोग्रॅम-भार ओढ लागते आणि चाकांची पकड त्यांच्यावरील भाराच्या निम्मी आहे. नांगर मागून ओढला जात असेल व आकडा जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच असेल, तर पुढील चाकांवरून सुमारे ११४ किलोग्रॅम भार मागे जातो. मागील चाकांवर ८१४ किलोग्रॅम भार येतो आणि पकड ४०७ ची मिळते. लागणारी ओढ ५०० ची असल्याने चाके जागीच घसरू लागतात.

आता तोच नांगर तीन दुव्यांवर तोलला असे समजा. नांगराचे वजन व मातीने त्यास खाली खेचण्याचे बल मिळून २५० किलोग्रॅम असून ते मागील आसाच्या १०० सेंटिमीटर मागे कार्य करते. हा भार आता नांगराच्या चाकांवर न जाता ट्रॅक्टरवर येतो. शिवाय नांगर व ट्रॅक्टर यांचे एकच अंग झाल्याने मातीचा प्रतिरोध आकड्याच्या उंचीवर नव्हे, तर जमिनीच्या पातळीखाली, समजा १० सेंटिमीटरवर, लागू होतो. जमिनीखालून मागे खेचणारे बल ट्रॅक्टरचे तोंड वर न उचलता खाली दाबते. हिशेब केला असता पुढील चाकांवरील घट पूर्वीइतकीच, म्हणजे ११४ किलोग्रॅम राहते; परंतु मागील चाकांवरील भार १,०६४ किलोग्रॅम होतो. पकड ५३२ ची मिळून नांगर चालू लागतो. ट्रॅक्टरच्या वजनात एक किलोग्रॅमचीही भर न घालता हे घडते. जमिनीचा विरोध हाच ट्रॅक्टरच्या पकडीचा आधार बनविणे, हे या शोधाचे मर्म होय.

तिसरे कार्य संवेदनेचे. माती नांगरास मागे रेटते, त्यामुळे नांगर खालच्या दुव्यांच्या टोकांभोवती फिरू पाहतो आणि वरचा दुवा पुढे दाबला जातो. हा दाब ओढीबरोबर वाढतो व घटतो. वरच्या दुव्याच्या मुळाशी एक मजबूत स्प्रिंग बसविलेली असून तिची हालचाल द्रवदाबाच्या झडपेपर्यंत पोहोचविली जाते. ओढ ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तेलाचा दाब वाढून नांगर किंचित वर येतो. ओढ कमी झाली की तो पुन्हा खाली जातो. फाळ खडकात अडकल्यास झडप तेलाचा दाब सोडून देते, मागील चाकांवरचा अतिरिक्त भार नाहीसा होतो आणि ट्रॅक्टर उलटण्याऐवजी चाके जागीच फिरतात. रुमण्यावरील मुठीत जी जाणीव होती ती अशा रीतीने वरच्या दुव्यात आली.

येथे एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ही यंत्रणा वस्तुतः खोली राखीत नाही; ती ओढ राखते. जमीन एकसारखी असेल तेथे ओढ सारखी म्हणजे खोली सारखी, असे मानण्यास प्रत्यवाय नाही. परंतु एकाच शेतात कसदार काळी माती व मुरमाड पट्टे शेजारी-शेजारी असतील, तर मुरमात नांगर उथळ व काळ्या मातीत खोल जाईल. या कारणाने पुढील काळात ओढीच्या नियंत्रणाबरोबर औजाराची उंची स्थिर राखणाऱ्या स्थिती-नियंत्रणाचीही सोय करण्यात आली.

करार, दावा आणि प्रसार

१९३८ च्या ऑक्टोबरमध्ये फर्ग्युसन यांनी अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्यासमोर आपल्या पद्धतीचे प्रात्यक्षिक केले. त्यातून उभयतांचा तोंडी करार झाला. तो केवळ हस्तांदोलनाने पक्का करण्यात आला. १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला. १९४७ मध्ये फोर्डच्या वारसांनी हा संबंध तोडला व तीच पद्धत असलेला स्वतःचा ट्रॅक्टर काढला. १९४८ मध्ये फर्ग्युसन यांनी दावा लावला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरांवर तडजोड झाली. दरम्यान १९४६ पासून कोव्हेंट्री येथे फर्ग्युसन यांचा ‘टी.ई. २०’ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला होता. १९५६ पर्यंत त्याचे पाच लाखांहून अधिक नग निघाले. १९५३ मध्ये फर्ग्युसन यांची संस्था मॅसी-हॅरिस या संस्थेत विलीन झाली. १९६० मध्ये फर्ग्युसन निवर्तले.

एकस्वांची मुदत संपत गेली तसतशी ही रचना इतर उत्पादकांनीही स्वीकारली. पुढे तिची मापे आंतरराष्ट्रीय मानक आय.एस.ओ. ७३० अन्वये निश्चित झाली, भारतात आय.एस. ४४६८ हे मानक त्याच विषयासंबंधी आहे. ट्रॅक्टरच्या शक्तीनुसार जोडणीचे वर्ग पाडण्यात आले असून वर्गागणिक खिळ्यांचे व्यास व दुव्यांमधील अंतर ठरलेले आहे. म्हणून एका कारखान्याचे औजार त्याच वर्गाच्या दुसऱ्या कारखान्याच्या ट्रॅक्टरला बिनदिक्कत बसते. लहान गावातील औजारे बनविणाऱ्यास मोठ्या कारखान्याच्या परवानगीची गरज उरली नाही, हा या मानकीकरणाचा सामाजिक लाभ होय.

भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन १९५९ मध्ये सुरू झाले. मद्रास येथील ‘टॅफे’ ही संस्था १९६० मध्ये मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्याने स्थापन झाली. मुंबईत १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहभागाने ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ निघाली. १९७७ मध्ये ती महिंद्र संस्थेत विलीन झाली. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या शेतास पुरेल असा हलका ट्रॅक्टर ज्या तत्त्वामुळे शक्य झाला, त्याचे महत्त्व येथे वेगळे सांगावयास नको.

नाशिकच्या बागेतील जोडणी

नाशिकच्या द्राक्षबागांत दोन ओळींमध्ये साधारणतः आठ ते दहा फुटांचे अंतर असते. त्यातून मंडपाखाली फिरू शकेल असा ट्रॅक्टर अरुंद, बुटका व हलका असावा लागतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की केवडा व भुरी या रोगांच्या भीतीने फवारणी तातडीने करावी लागते. अशा वेळी जमीन ओली असते व हलक्या यंत्राचा उपयोग विशेष जाणवतो. फवारणी यंत्रास ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. या नावाने परिचित असलेल्या फिरत्या दांड्यापासून शक्ती मिळते आणि तीन दुवे केवळ त्याचा भार वाहतात. रोटाव्हेटरची गोष्टही फारशी वेगळी नाही. त्याची पाती फिरताना ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, त्यामुळे ओढीच्या संवेदनेस तेथे वाव नसतो. म्हणजे जोडणीच्या तीन कार्यांपैकी दोन बागेत निद्रिस्त असतात.

याचा परिणाम पुन्हा गणितानेच पाहावा. समजा, लहान ट्रॅक्टरचे वजन ८०० किलोग्रॅम असून पुढील चाकांवर ३२० किलोग्रॅम आहे. आसांतील अंतर १५० सेंटिमीटर आहे. औषधाच्या द्रावणासह ३०० किलोग्रॅमचे यंत्र मागील आसाच्या ८० सेंटिमीटर मागे तोलले आहे. पुढील चाकांवरील भार १६० किलोग्रॅमने, म्हणजे बरोबर निम्म्याने, कमी होतो. नांगरणीत तोंड खाली दाबणारा मातीचा प्रतिरोध येथे नाही आणि वरचा दुवा दाबला जाण्याऐवजी ताणला जातो. बांधाची चढण, झटक्याने सोडलेला क्लच किंवा खड्ड्यात आपटलेले मागील चाक यांपैकी काहीही घडले, तर सुकाणू हलके पडते आणि प्रसंगी पुढील चाके उचलली जातात. ज्या जोडणीने ट्रॅक्टरचे उलटणे थांबविले, तीच जोडणी मातीशी संबंध तुटताच उलटण्यास साह्यभूत होऊ शकते. पुढील बाजूस वजने लावणे, यंत्र आसाच्या शक्य तितके जवळ घेणे, टाकीचा आकार ट्रॅक्टरच्या वजनास अनुसरून निवडणे आणि चढणीवर भरल्या टाकीने न जाणे, या दक्षता म्हणूनच अनिवार्य ठरतात.

उलटपक्षी, द्राक्षवेली काढून टाकलेल्या किंवा कांद्यासाठी तयार करावयाच्या काळ्या जमिनीत तोच ट्रॅक्टर नांगर घेऊन उतरतो, तेव्हा जोडणीची उरलेली दोन कार्ये जागी होतात. त्या वेळी स्थिती-नियंत्रणाचाच दांडा वापरून नांगर एका उंचीवर जखडून ठेवणे, ही बागेतील सवय नांगरणीस लावण्याची चूक होय. कठीण ढेकळांत चाके घसरतात, इंधन वाया जाते आणि दोष मात्र ट्रॅक्टरच्या अशक्तपणास दिला जातो. ओढीच्या नियंत्रणाचा दांडा कामात घेतला तर वरचा दुवा पुन्हा नांगऱ्याच्या मुठीचे काम करू लागतो.

त्रिबिंदू जोडणी म्हणजे ट्रॅक्टर, औजार व जमीन या तिघांमधील संबंधाची योजना होय. त्यांपैकी जमीन वगळली की उरते ती केवळ भार उचलण्याची यंत्रणा. आणि भार उचलणाऱ्या प्रत्येक यंत्रणेप्रमाणे तिलाही तोलाचे नियम लागू होतात. रुमणे धरणाऱ्यास हा संबंध हातानेच समजत असे. दांडा फिरविणाऱ्यास तो समजावून द्यावा लागतो.